०.२ मिलिमीटरचा मालक

नागपूरहून वर्धा रोडने निघाले की आधी जामठ्याचे क्रिकेट मैदान लागते आणि त्याच रस्त्याने पुढे बुटीबोरीची औद्योगिक वसाहत. फेब्रुवारी २०२३ मध्ये जामठ्यावर रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२० धावा काढल्या, तेव्हा त्याच्या बॅटवर ‘सिएट’ हे नाव होते. रोहितचा जन्म नागपूरचा आणि सिएटचा एक कारखाना बुटीबोरीत. म्हणजे सगळे कसे घरच्या घरी! फक्त बुटीबोरीच्या त्या कारखान्यात टायर तयार होतात, बॅट नाही.

गेल्या तीस वर्षांत भारतीय फलंदाजांच्या बॅटवर टायर आले, बिस्किटे आली, मोटारसायकली आल्या. द्रविडची ब्रिटानियाची बॅट, गांगुलीची हीरो होंडाची, सचिनची एमआरएफची, असे आपण सहज बोलून जातो. बिस्किटाच्या भट्टीतून बॅट निघत नाही हे पोराटोरांनाही कळते, पण मग ती निघते कुठून, हे विचारायचे मात्र राहून जाते.

क्रिकेटचे कायदे एमसीसी ही लंडनची संस्था लिहिते. बॅटच्या बाबतीत हे कायदे फार काटेकोर आहेत. लांबी ९६.५२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, रुंदी १०.८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. ऑक्टोबर २०१७ पासून जाडीलाही मर्यादा आली: पात्याची खोली ६.७ सेंटिमीटर आणि कड ४ सेंटिमीटर, त्यापुढे नाही. पाते लाकडाचेच हवे, ही अट डेनिस लिलीमुळे आली. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत तो अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, चेंडू खराब होतो म्हणून इंग्लंडच्या कर्णधाराने तक्रार केली आणि लिलीने चिडून ती बॅट मैदानातच भिरकावून दिली. त्यानंतर कायद्यात लाकूड पक्के झाले. याच कायद्यात जाहिरातीच्या स्टिकरचेही माप आहे. त्याची जाडी ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि बॅटच्या पाठीचा निम्म्याहून अधिक भाग त्याने झाकता कामा नये. लाकूड, मूठ, स्टिकर, सगळ्याची नोंद कायद्याने घेतली. बॅट घडवणाऱ्याची घेतलेली नाही.

नेहमीच असे नव्हते. नागपुरात ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी जन्मलेले कर्नल सी. के. नायडू यांनी डिसेंबर १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीच्या पाहुण्या संघाला अकरा षटकार ठोकून १५३ धावा काढल्या. (२०२५ च्या रणजी अंतिम सामन्यात जामठ्यावर नागपूरच्या दानिश मालेवारनेही १५३ च केल्या. योगायोगच, पण नागपूरकर तो सोडणार नाहीत.) नायडूंच्या काळात बॅटवरचे नाव हे बनवणाऱ्याचे नाव असे. ‘गन अँड मूर’ लिहिलेले असेल तर ती नॉटिंगहॅमच्या, १८८५ मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्यातून आलेली असे, आणि त्यातला गन हा स्वतः इंग्लंडकडून कसोटी खेळलेला फलंदाज होता. नाव आणि हात यांची फारकत पुढे झाली.

ती कशी झाली, हे समजायला आधी लाकूड पाहिले पाहिजे. मोठ्या सामन्यांतली बहुतेक बॅट इंग्लिश विलोची असते. विलो म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणाऱ्या वाळुंजाच्या कुळातले झाड. इंग्लंडच्या ओलसर मातीत ते भराभर वाढते आणि पंधरा-वीस वर्षांत तोडणीला येते. एसेक्स परगण्यातली जे. एस. राइट अँड सन्स ही कंपनी १८९४ पासून हाच धंदा करते. जगातल्या बॅटच्या विलोचा मोठा हिस्सा तिच्याकडून जातो. ओंडका उभा फोडून पाचरीसारखे तुकडे काढतात, त्यांना क्लेफ्ट म्हणतात. ते वाळवून, प्रत लावून परदेशी पाठवले जातात. त्यातले फार मोठे प्रमाण भारतात येते, आणि भारतात म्हणजे मुख्यतः दोन गावांत: उत्तर प्रदेशातले मेरठ आणि पंजाबातले जालंधर.

ही दोन गावेच का? त्याचे उत्तर तिसऱ्या गावात आहे, आणि ते आज पाकिस्तानात आहे. इंग्रजांच्या काळात खेळाच्या सामानाची राजधानी होती सियालकोट. तिथे १९३१ मध्ये केदारनाथ आणि द्वारकानाथ आनंद या भावांनी ‘सॅन्सपेरिल्स’ नावाची कंपनी काढली. पुढे निर्यातीसाठी ‘ग्रीनलँड्स’ निघाली. या दोन नावांची आद्याक्षरे म्हणजे आजचे ‘एसजी’. फाळणीत आनंद कुटुंब आधी आग्र्याला आले आणि १९५० मध्ये मेरठला स्थिरावले. त्यांच्यासारखीच सियालकोटची कित्येक कुटुंबे, कारखानदार आणि कारागीर दोन्ही, मेरठ आणि जालंधरला आली. मेरठच्या सूरजकुंड भागात आणि जालंधरच्या बस्ती नौ परिसरात खेळाच्या सामानाची जी बाजारपेठ दिसते तिचे मूळ या निर्वासितांत आहे. १९६९ मध्ये मेरठमध्ये सरीन स्पोर्ट्स सुरू झाली, तीच ‘एसएस’. जालंधरची ‘बीट ऑल स्पोर्ट्स’ म्हणजे ‘बास’. मागे राहिलेल्या सियालकोटातही धंदा थांबला नाही. भारत-पाकिस्तान सामन्यात दोन्ही बाजूंच्या बॅटची वंशावळ काढली, तर ती बऱ्याचदा एकाच गावात जाऊन मिळेल.

मेरठच्या कारखान्यात यंत्रे आहेत, पण बॅट यंत्रातून पडत नाही. विलो मुळात मऊ लाकूड आहे. चेंडूच्या माऱ्याने ते चेपले जाऊ नये म्हणून क्लेफ्ट जड रुळांखाली दाबतात. दाब कमी पडला तर पाते लवकर फुटते, जास्त झाला तर चेंडू मरगळून जातो. मग मूठ बसवायची. ती वेताची असते आणि वेत येतो आग्नेय आशियातून. वेताच्या पट्ट्यांमध्ये रबर घालून मूठ तयार करतात आणि तिचे निमुळते टोक पात्यात कापलेल्या ‘व्ही’ आकाराच्या खाचेत डिंक लावून ठोकतात. ही खाचेची युक्ती १८८० च्या दशकातली आहे आणि तिचे श्रेय चार्ल्स रिचर्डसन या रेल्वे इंजिनिअरला देतात. सेव्हर्न नदीखालचा बोगदा खणणारा हा माणूस बॅटच्या मुठीला बसणारे हादरे कमी करण्यात गुंतला होता, हे वाचून मला नेहमीच बरे वाटते.

यापुढचे काम हातांचे. कारागीर दोन मुठींच्या सुरीने आणि रंध्याने पाठीवरचे लाकूड उतरवत जातो. कुठे किती ठेवायचे आणि कुठे किती काढायचे यावर बॅटची सगळी चाल ठरते. दोन बॅट तराजूत सारख्या भरल्या तरी हातात सारख्या लागतीलच असे नाही. वजन खाली गोळा झाले तर बॅट जड वाटते, वर सरकले तर तीच हलकी होते. सचिन तीन पौंडांच्या वरची बॅट वापरत असे आणि इतरांना ती उचलताना अवघड वाटे. त्याला नाही, कारण तिचा तोल त्याच्या हातासाठी साधलेला होता. कारागीर मधूनमधून बॅट हवेत फिरवून पाहतो, लाकडी हातोडीने पात्यावर टकटक करून आवाज ऐकतो. आता तर त्याला कायद्याच्या मापातही राहावे लागते. २०२५ च्या आयपीएलमध्ये पंच मैदानातच बॅट एका साच्यातून घालून पाहू लागले आणि सुनील नारायण, अॅन्रिख नॉर्खिया यांच्या बॅट त्यातून गेल्या नाहीत. नॉर्खिया अकराव्या क्रमांकाचा फलंदाज; त्याला एवढ्या जाड बॅटचे काय करायचे होते, हा वेगळाच प्रश्न.

मोठा खेळाडू आणि कारागीर यांचे नाते शिंपी आणि गिऱ्हाइकासारखे असते. एकदा माप जमले की माणूस शिंपी बदलत नाही. कारागिराला अमक्याला मूठ लांबट गोल लागते, तमक्याला पात्याची फुगवटी खाली हवी असते, हे पाठ असते. खेळाडू मेरठला जातात, ढिगातून क्लेफ्ट निवडतात, समोर बसून तासून घेतात. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही असे छोटे कारखाने आहेत. त्यांतल्या काहींचा निम्मा लौकिक दुसऱ्यांच्या नावाने खेळल्या जाणाऱ्या बॅटवर उभा आहे. आणि उलटेही घडते. बऱ्याच इंग्रजी नावाच्या बॅट प्रत्यक्षात भारतात तासल्या जातात. एसेक्सचे लाकूड मेरठला येते आणि बॅट होऊन परत विलायतेला जाते.

खेळाडूला बॅट हवी असते आणि जाहिरातदाराला बॅटची जागा. या दोन गरजांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे ज्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आले त्या दिवशी बॅटवरचे नाव बनवणाऱ्याच्या हातून गेले. टीव्हीवर फलंदाज जितका वेळ दिसतो तितका वेळ त्याची बॅटही दिसते. शतक झाले की ती उंच धरली जाते, पाठ कॅमेऱ्याकडे येते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाते. ही जागा बॅट बनवणाऱ्या मेरठच्या कारखानदाराला परवडणारी राहिली नाही. ती टायरवाल्यांना परवडली.

१९९६ च्या विश्वचषकात सचिनच्या बॅटवर काहीच नव्हते. कोऱ्या बॅटने त्याने ५२३ धावा केल्या, स्पर्धेतल्या सर्वांत जास्त. त्यानंतर तिच्यावर एमआरएफ आले आणि वर्षानुवर्षे राहिले. एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. १९४६ मध्ये के. एम. मम्मन मापिल्लै यांनी खेळण्यातले फुगे बनवण्यापासून तिची सुरुवात केली होती. याच कंपनीने १९८७ मध्ये चेन्नईत वेगवान गोलंदाजांची शाळा काढली आणि तिथे शिकवायला डेनिस लिलीला आणले, तोच अॅल्युमिनियमवाला. ब्रायन लारा आणि स्टीव्ह वॉ यांच्या बॅटवरही एमआरएफ झळकले. २०१७ मध्ये विराट कोहलीशी झालेल्या आठ वर्षांच्या कराराचा आकडा शंभर कोटींच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या रकमेत लाकडाची किंमत धरलेली नाही; लाकूड त्यात नसतेच.

कारागिराने तक्रार करायला हवी होती, असे आपल्याला बाहेरून वाटते. धंद्यात तसे दिसत नाही. मेरठचा कारखानदार गप्प राहतो, कारण ड्रेसिंग रूममध्ये कुणाची बॅट कुठली, हे सगळ्यांना ठाऊक असते. शेजारच्या बाकावरचा खेळाडू ती उचलून पाहतो, दोन फटके मारतो आणि पुढच्या महिन्यात त्याचीही ऑर्डर येते. ही जाहिरात प्रेक्षकांसाठी नसून गिऱ्हाइकांसाठी असते, आणि ती फुकट असते. जाहिरातीच्या खर्चात न पडता नावावर धंदा करण्याची सोय सोडणार कोण? शिवाय सगळेच पडद्याआड राहिले असेही नाही. ऐंशीच्या दशकात सुनील गावसकर एसजीशी जोडले गेले आणि मेरठच्या मालाला अख्ख्या देशात नाव मिळाले. आज सूर्यकुमार यादवच्या बॅटवर एसएस दिसते, ऋषभ पंतच्या बॅटवर एसजी. फारकत आहे, पण घटस्फोट झालेला नाही.

या साऱ्यात महेंद्रसिंग धोनीची गोष्ट वेगळी. रांचीतले ‘प्राइम स्पोर्ट्स’ हे त्याच्या मित्राचे दुकान. या मित्राने १९९८ च्या सुमारास जालंधरच्या ‘बास’च्या मालकांच्या मागे लागून लागून, त्यांनी कधी न पाहिलेल्या एका मुलासाठी बॅट आणि किट मिळवले. २०१९ च्या विश्वचषकात धोनी सामन्यागणिक वेगळ्या नावाची बॅट घेऊन उतरू लागला. कधी एसएस, कधी बास. हे पैशांसाठी नाही, सुरुवातीला साथ दिलेल्यांचे आभार म्हणून आहे, असे त्याच्या व्यवस्थापकांनी सांगितले. २०२४ च्या आयपीएलआधी सरावात त्याच्या बॅटवर ‘प्राइम स्पोर्ट्स’ दिसले आणि एका गावातल्या दुकानाचे नाव देशभर गेले. आभाराचा मार्गही शेवटी स्टिकरच. कारण ती जागा धोनीची होती, आणि तिची किंमत काय असते हे त्याला चांगले माहीत होते.

आता दुकानाकडे वळू, कारण फसगत इथे होते. आपण नागपूरच्या सीताबर्डीत किंवा कुठल्याही शहरातल्या दुकानात जाऊन पोरासाठी कोहलीची बॅट मागतो आणि तिच्यावर तेच स्टिकर असते. पण कोहलीच्या हातात जाणारा क्लेफ्ट हजारांतून वेचलेला असतो. त्याच्या मापाने, त्याच्या कारागिराने तासलेला असतो. दुकानातली बॅट ही टायर कंपनीने कुणाकडून तरी बनवून घेतलेली. ती वाईट असेलच असे नाही. मात्र तिच्या किमतीत स्टिकरचा वाटा मोठा असतो. उत्तम प्रतीच्या इंग्लिश विलोची बॅट आज पन्नास हजारांच्या पुढे सहज जाते. दुकानात स्टिकरवर बोट ठेवून झाकले आणि बॅट निवडली तर निवड बरी होईल. पात्याच्या तोंडावरच्या उभ्या रेषा पाहाव्यात. त्या दाट आणि सरळ असतील तर बॅट लवकर बोलू लागते, पण ती लवकर फुटतेही. विरळ असतील तर ती खुलायला वेळ घेते आणि टिकते जास्त. मग मूठ धरून पवित्र्यात उभे राहावे. हाताला जी हलकी वाटते ती घ्यावी. तराजूचा आकडा दुकानदारालाच वाचू द्यावा.

नागपुरात बॅट बनवण्याचा धंदा मोठा नाही, पण बॅट जगवण्याचे एक औषध विदर्भाच्या शेतात पिकते. इंग्लिश विलो ओलसर हवेचे लेकरू आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे सरकला की लाकडातला ओलावा उडतो, कडा तडकतात, तोंडावर केसासारख्या भेगा पडतात. अशा वेळी पात्याला जवसाचे तेल पुसतात. आपल्याकडे चटणी करून भाकरीशी खाल्ली जाते तीच ही अळशी. नागपूर, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात ती पूर्वापार पिकते आणि नागपूरच्या कृषी महाविद्यालयात तिच्या वाणांवर काम चालते. तेल कच्चे हवे, रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले नको. त्यात वाळवणारी द्रव्ये घातलेली असतात. एक-दोन पातळ हात पुरतात. जास्त तेल पाजले तर बॅट जड आणि मठ्ठ होते. मुठीच्या सांध्याला तेल लावायचे नाही, डिंक सुटतो. आणि दुपारी गाडीच्या डिकीत बॅट ठेवणाऱ्याने तेलावरही पैसे घालवू नयेत.

नवी बॅट तेल मुरल्यावर लाकडी हातोडीने तासन्‌तास ठोकून काढावी लागते. देशांतर्गत सामने खेळणारे बहुतेक रणजीपटू हे काम स्वतः करतात. स्टिकरचे कोट्यवधी त्यांच्याकडे येत नाहीत. फार तर एखादी कंपनी बॅट आणि पॅड देते, पैसे देत नाही. मार्च २०१८ मध्ये जामठ्यावर इराणी करंडकात विदर्भाने शेष भारताविरुद्ध ७ बाद ८०० धावांचा डोंगर रचला आणि वासिम जाफरने त्यात २८६ केल्या. एवढ्या धावा होतात तेव्हा मुठी सैल होतात, तळाचा भाग झिजतो, कडा उसवतात. त्यामुळे दुरुस्ती हा वेगळा धंदा होतो, आणि महाराष्ट्रात त्याचे ठिकाण आहे दक्षिण मुंबई. ‘एम. अश्रफ ब्रदर्स’ हे चौधरी कुटुंबाचे दुकान गेल्या शतकापासून बॅट दुरुस्त करते. सचिन, द्रविड, कोहली यांच्यापासून स्टीव्ह स्मिथपर्यंत अनेकांच्या बॅट तिथे गेल्या आहेत. भेगेत डिंक भरून दाबून ठेवणे, तुटलेल्या कडेला विलोचीच चकती बसवणे, वजन जास्त असेल तर पाठीवरून दोन सूत उतरवणे, जुनी मूठ काढून नवी ठोकणे, हे सगळे तिथे चालते. ही कामे स्टिकर सोलल्याशिवाय होत नाहीत, म्हणून अमक्याच्या बॅटखाली खरे लाकूड कुणाचे आहे, हे या दुकानाइतके कुणाला ठाऊक नसते. आणि ते सांगत नाहीत; तोही धंद्याचा भाग आहे.

नागपूरच्या गल्लीत टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोरांच्या हातात इंग्लिश विलो नसते. तिथे काश्मीर विलो असते, कमी पैशांत मिळणारी, थोडी तांबूस, थोडी जड, पण दमदार. श्रीनगरहून अनंतनागकडे जाताना संगम आणि बिजबेहारा या भागात रस्त्याच्या दोन्ही कडांना वाळत घातलेल्या क्लेफ्टचे ढीग दिसतात. तिथल्या शेकडो छोट्या कारखान्यांनी वर्षानुवर्षे बिननावाच्या बॅट जालंधर-मेरठला पाठवल्या आणि नाव तिकडे चिकटवले गेले. म्हणजे मेरठच्या कारागिराचे जे टायर कंपनीपुढे झाले, तेच काश्मीरच्या कारागिराचे मेरठपुढे झाले होते. हे चित्र आता थोडे बदलते आहे. हलमुल्ला इथल्या ‘जीआर८’ या कारखान्याने स्वतःचे नाव टाकून आंतरराष्ट्रीय मापाच्या बॅट बनवायला सुरुवात केली. २०२१ च्या टी-२० विश्वचषकात ओमानचे खेळाडू त्या घेऊन उतरले आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या विश्वचषकात अमिरातीच्या जुनैद सिद्दिकीने श्रीलंकेविरुद्ध १०९ मीटर लांब षटकार मारला, तोही त्यांच्याच बॅटने.

आता अडचण नावाची उरलेली नाही, लाकडाची आहे. काश्मीरच्या शेतकऱ्यांना विलोपेक्षा पॉपलर परवडतो. तो लवकर तयार होतो आणि प्लायवुडवाले जागेवर येऊन घेऊन जातात. विलो तोडली गेली, तिच्या जागी विलो लागली नाही. कच्चे क्लेफ्ट बाहेर नेण्यावर तिथे कायद्याने बंदी आहे, तरी झाडेच कमी झाल्यावर कारखानदार काय घडवणार? म्हणून तिथले बॅटवाले सध्या ओढ्याकाठच्या आणि पडीक जमिनींवर विलोची लागवड करा, असे सरकारच्या मागे लागले आहेत.